ब्रेग्झिटचा कौल राबवताना ब्रिटिश पार्लमेंट का अडलं?

सह्यवारा

'ब्रेग्झिटचा कौल खासदारांनी साडेतीन वर्षं अडवून धरला' हे वाक्य मराठी चर्चांमध्ये इतक्या वेळा येतं, की त्यासाठी वेगळा धागा काढतोय. खासदारांनी घोळ घातला यात वादच नाही. पण घोळाचं मूळ मतपत्रिकेत होतं असं माझं ठाम मत आहे.

२३ जून २०१६ रोजी विचारलेला प्रश्न असा: युनायटेड किंगडमनं युरोपीय संघाचं सदस्य राहावं, की संघ सोडावा? राहणं म्हणजे काय ते १९७३ पासून लोक बघतच होते. सोडणं म्हणजे काय, याची मात्र निदान चार उत्तरं होती. नॉर्वेसारखं संघाबाहेर पडून एकल बाजारपेठेत, म्हणजे संघाच्या सामाईक नियमांवर चालणाऱ्या बाजारात, राहायचं. मग युरोपीय नागरिकांची मुक्त ये-जा चालूच राहते आणि वर्गणीही भरावी लागते. तुर्कस्तानसारखा सीमाशुल्क संघ ठेवायचा. मग वस्तूंचे आयात दर ब्रुसेल्समध्ये ठरणार आणि स्वतःचे व्यापार करार करायला फारसा वाव उरणार नाही. कॅनडासारखा नुसता मुक्त व्यापार करार करायचा; मग सीमेवर कागदपत्रं आलीच. नाहीतर करार न करताच जागतिक व्यापार संघटनेच्या दरांवर जायचं.

'सोडा'ला १,७४,१०,७४२ मतं पडली आणि 'राहा'ला १,६१,४१,२४१. म्हणजे ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के, मतदान ७२.२ टक्के. त्या एक कोटी चौऱ्याहत्तर लाखांपैकी किती जणांना चारातलं कोणतं उत्तर हवं होतं, हे मतपत्रिका सांगत नाही. म्हणून पुढे प्रत्येक गटाला 'खरा कौल आमचाच' असं म्हणता आलं, आणि तसं म्हणणारे बहुतेक जण ते मनापासून म्हणत होते.

दुसरी गोष्ट कायद्याची. २०१५ च्या सार्वमत कायद्यात निकालानंतर कुणी काय करायचं याबद्दल एकही कलम नव्हतं. तसं कलम कसं लिहायचं हे पार्लमेंटला चांगलं माहीत होतं. २०११ साली मतदानपद्धत बदलण्याबाबत सार्वमत झालं, तेव्हा नवी पद्धत आधीच कायद्यात शब्दशः लिहून ठेवली होती आणि 'हो' जिंकलं तर ती लागू करणं मंत्र्यावर बंधनकारक होतं. ('हो' हरलं, तो भाग वेगळा.) २०१६ मध्ये लागू करायला हातात मसुदाच नव्हता.

शतपावली

अर्धं पटलं. उरलेल्या अर्ध्याला माझा विरोध आहे.

सरकारनं सुमारे ९३ लाख पौंड खर्चून घरोघरी पत्रक पाठवलं. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की निर्णय तुमचा आहे आणि तुम्ही जे ठरवाल ते सरकार राबवेल. कायद्यानं सार्वमत सल्ल्यापुरतं असेल, पण दिलेला शब्द सल्ल्यापुरता नव्हता. पुढे २०१७ च्या निवडणुकीत हुजूर आणि मजूर या दोन्ही पक्षांनी निकाल मान्य असल्याचं जाहीरनाम्यात लिहिलं आणि दोघांना मिळून ८२ टक्के मतं मिळाली.

त्याही आधी, ८ फेब्रुवारी २०१७ रोजी, याच खासदारांनी ४९४ विरुद्ध १२२ मतांनी कलम ५० ची नोटीस द्यायला परवानगी दिली. प्रश्न अपुरा होता हे त्यांना तेव्हा दिसत नव्हतं का? आराखडा नाही, हे ठाऊक असून त्यांनी नोटिशीला मत दिलं. त्या दिवसापासून जबाबदारी त्यांची.

सन्डरलँडमध्ये ६१ टक्के लोकांनी आणि लिंकनशरच्या बोस्टनमध्ये ७५ टक्क्यांहून जास्त लोकांनी 'सोडा' म्हटलं. 'तुम्हाला कशाला मत दिलं तेच कळलं नव्हतं' हे त्या मतदारांना वर्षानुवर्षं ऐकवलं गेलं, याची मला मनापासून चीड आहे.

ओसरी

कलम ५० ची नोटीस म्हणजे नेमकं काय, कुणी सांगेल का? ती मागे घेता येत होती का? आणि कोर्टात प्रकरण कशावरून गेलं?

निरगुडी

ओसरीताई, क्रमानं सांगते.

युरोपीय संघाच्या करारातलं कलम ५० म्हणजे बाहेर पडायची कार्यपद्धती. सदस्य देश लेखी कळवतो आणि त्या दिवसापासून दोन वर्षांचं घड्याळ चालू होतं. मुदत संपली की करार झालेला असो वा नसो, सदस्यत्व आपोआप जातं. मुदत वाढवायची तर उरलेल्या सगळ्या सदस्य देशांची एकमतानं संमती लागते. म्हणजे वेळ नोटीस देणाऱ्याच्या विरोधात धावते.

कोर्टाचा मुद्दा असा: सरकारचं म्हणणं, परराष्ट्र करार करणं-मोडणं हा राजसत्तेचा विशेषाधिकार आहे, पार्लमेंटला विचारायची गरज नाही. सर्वोच्च न्यायालयानं २४ जानेवारी २०१७ रोजी ८ विरुद्ध ३ असा निकाल दिला, की संघ सोडल्यानं देशांतर्गत कायद्यानं मिळालेले हक्क जातात, त्यामुळे पार्लमेंटचा कायदा लागेलच. त्याच निकालात हेही आलं, की स्कॉटलंडच्या किंवा उत्तर आयर्लंडच्या विधिमंडळाला नकाराधिकार नाही. त्यांची संमती घेण्याचा संकेत राजकीय आहे, न्यायालय तो अमलात आणू शकत नाही. स्कॉटलंडनं ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडनं जवळपास ५६ टक्के 'राहा' म्हटलं होतं, तेव्हा हा मुद्दा तिथे किती झोंबला असेल ते समजण्यासारखं आहे.

मग दोन कलमांचा छोटासा कायदा झाला आणि २९ मार्च २०१७ ला नोटीस गेली. ती एकतर्फी मागे घेता येते, हे युरोपीय न्यायालयानं सांगितलं ते १० डिसेंबर २०१८ ला. तोवर बहुतेक काळ दोन्ही बाजू ते दार बंद आहे असं धरूनच चालल्या होत्या.

सह्यवारा

शतपावली, नोटिशीबद्दल तुमच्याशी सहमत आहे. सगळ्यात महाग पडलेलं पाऊल तेच. आधी मंत्रिमंडळात काय हवं ते ठरवायचं, ते सभागृहात मताला टाकायचं आणि मग नोटीस द्यायची, हा सरळ क्रम होता. प्रत्यक्षात मार्चमध्ये नोटीस, जूनमध्ये मध्यावधी निवडणूक, तीत पंतप्रधान थेरेसा मे यांचं बहुमत गेलं, आणि वाटाघाटी सुरू झाल्या १९ जूनला. चोवीस महिन्यांतले जवळपास तीन असेच गेले. मंत्रिमंडळानं स्वतःचा सविस्तर प्रस्ताव ठरवला तो जुलै २०१८ मध्ये चेकर्सला (पंतप्रधानांच्या गावाकडच्या निवासस्थानी), आणि तो ठरताच ब्रेग्झिटमंत्री डेव्हिड डेव्हिस आणि परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन मंत्रिमंडळातून बाहेर पडले.

त्याआधी, १७ जानेवारी २०१७ च्या लँकेस्टर हाऊसच्या भाषणात मे यांनी एकल बाजारपेठ आणि सीमाशुल्क संघ दोन्ही सोडायचं जाहीर करून टाकलं होतं. हे मतपत्रिकेवर नव्हतं आणि तोवर सभागृहानंही ठरवलेलं नव्हतं. माझा मूळ मुद्दा इथे पुन्हा येतो: रिकामी जागा होती, ती एका भाषणानं भरली गेली.

केतकी_

मतांचे आकडे एकत्र ठेवते, म्हणजे कोण कुठे अडलं ते दिसेल.

मे यांचा माघार करार (संघ सोडण्याच्या अटींचा करार) तीनदा मताला आला. १५ जानेवारी २०१९ ला २०२ विरुद्ध ४३२, म्हणजे २३० मतांनी पराभव. १२ मार्चला २४२ विरुद्ध ३९१. २९ मार्चला २८६ विरुद्ध ३४४. विरोधात गेलेले हुजूर खासदार पहिल्यांदा ११८, मग ७५, मग ३४. दुसऱ्या आणि तिसऱ्या मतदानाच्या मध्ये, १८ मार्चला, सभापती जॉन बर्को यांनी तोच ठराव त्याच अधिवेशनात परत आणता येणार नाही, असा १६०४ पासूनचा दाखला दिला. त्यामुळे तिसऱ्या वेळी फक्त माघार करार मताला ठेवला, भविष्यातल्या संबंधांचा राजकीय जाहीरनामा वगळून.

मधल्या काळात खासदारांनी स्वतः पर्याय चाचपून पाहिले. २७ मार्चला आठ पर्याय, आठही नापास. १ एप्रिलला चार, चारही नापास:

सीमाशुल्क संघ: २७३ विरुद्ध २७६
करारावर पुन्हा सार्वमत: २८० विरुद्ध २९२
एकल बाजारपेठ आणि सीमाशुल्क व्यवस्था दोन्ही: २६१ विरुद्ध २८२
करार न होता बाहेर पडायची वेळ आली तर नोटीस रद्द करणं: १९१ विरुद्ध २९२

सीमाशुल्क संघ तीन मतांनी पडला. पुन्हा सार्वमत व्हावं असं म्हणणाऱ्या काही खासदारांनी त्याला मत दिलं नाही, कारण मधला तोडगा निघाला की त्यांची मागणी संपत होती. आणि ज्यांना कराराशिवाय बाहेर पडायचं होतं, त्यांनी मे यांचा करार पाडला, कारण मुदत संपली की त्यांना हवं ते आपोआप मिळणार होतं. दोन्ही टोकांनी मधलं पाडलं. प्रत्येक पर्यायाला 'हो किंवा नाही' असं सुटं मत मागितलं की हेच होतं. पसंतीक्रम लावायला सांगून सर्वांत कमी मतांचा पर्याय फेरीगणिक बाद केला असता, तर शेवटी काहीतरी एक उरलंच असतं.

शतपावली

केतकी, तुमच्या आकड्यांनी माझंच म्हणणं सिद्ध होतं. जे मतपत्रिकेवर नव्हतं ते ठरवायची संधी या लोकांना मिळाली होती, आणि तीन मतांनी घालवली.

आडवाटेने

पुन्हा सार्वमत घेण्याबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. मार्च २०१९ मध्ये नोटीस रद्द करा म्हणणाऱ्या ऑनलाइन अर्जावर साठ लाखांहून जास्त सह्या झाल्या, लंडनमध्ये प्रचंड मोर्चे निघाले. पण सार्वमत मनात आलं की लगेच घेता येत नाही.

प्रत्येक सार्वमताला स्वतंत्र कायदा लागतो. २०१५ चा कायदा मे अखेरीस मांडला गेला आणि डिसेंबरमध्ये मंजूर झाला. मग निवडणूक आयोग प्रश्नाची भाषा मतदारांवर तपासतो. २०१५ मध्ये सरकारचा मूळ प्रश्न 'सदस्य राहावं का, हो किंवा नाही' असा होता. तो एका बाजूला झुकतो असं आयोगानं सांगितल्यावर 'राहा / सोडा' असा बदलला. त्यानंतर दोन्ही बाजूंचे अधिकृत प्रचारगट निवडायचे, आणि दहा आठवडे खर्चमर्यादेखालचा प्रचारकाळ द्यायचा. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या राज्यघटना अभ्यासगटानं ऑक्टोबर २०१८ मध्ये सगळं धरून किमान २२ आठवडे काढले होते. १५ जानेवारीच्या पराभवाच्या दुसऱ्या दिवशी ठरवलं असतं तरी जूनचा मध्य आला असता. २९ मार्चची मूळ मुदत (ती पुढे वाढवली गेली) त्याआधी संपत होती आणि मे महिन्यात युरोपीय संसदेची निवडणूक होती.

शिवाय पर्याय किती ठेवायचे? 'राहा', 'मे यांचा करार' आणि 'कराराशिवाय' असे तीन ठेवले तर 'सोडा'वाले दोनांत विभागले जातात आणि ते अन्याय झाला म्हणणार. दोनच ठेवले तर गाळलेल्या तिसऱ्याचे लोक निकाल मानणार नाहीत. दुसरं सार्वमत हवं असं मलाही वाटत होतं, पण या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर त्याच्या समर्थकांनी कधी पुढे ठेवलं नाही.

ओसरी

मग मुळातच ६० टक्क्यांची अट का नव्हती? एवढ्या मोठ्या निर्णयाला साधं बहुमत कसं चालतं?

निरगुडी

अट घालता येते, पण तिचंही दुखणं आहे. १९७९ मध्ये स्कॉटलंडच्या विधिमंडळासाठी सार्वमत झालं, तेव्हा एकूण मतदारांच्या ४० टक्के 'हो' हवेत अशी अट होती. पडलेल्या मतांत 'हो' ५१.६ टक्के झाले, पण एकूण मतदारांच्या जेमतेम ३३ टक्के. कायदा रद्द झाला आणि 'जिंकूनही हरवलं' ही सल स्कॉटलंडमध्ये पुढची अठरा वर्षं, १९९७ च्या सार्वमतापर्यंत राहिली. २०१६ ला हीच मोजपट्टी लावली तर 'सोडा' ३७.४ टक्के भरतं. अट मतदानाच्या आधी घातली तर तो नियम असतो. निकाल लागल्यावर मागितली की लोकांना ती फसवणूकच वाटते.

स्वित्झर्लंडचं उदाहरण याहून उपयोगी आहे. ९ फेब्रुवारी २०१४ ला तिथे स्थलांतरावर कोटा लावण्याचा प्रस्ताव ५०.३ टक्क्यांनी मंजूर झाला. प्रस्तावातच अंमलबजावणीला तीन वर्षांची मुदत होती. कोटा लावला तर युरोपीय संघाशी असलेले करार मोडणार, म्हणून संसदेनं डिसेंबर २०१६ मध्ये अगदी सौम्य कायदा केला: बेरोजगारी जास्त असलेल्या व्यवसायांत रिकाम्या जागा आधी स्थानिक रोजगार कार्यालयाला कळवायच्या, बस. कौल पातळ केला म्हणून ओरड झाली. मग मुक्त ये-जा संपवायचा प्रस्ताव सप्टेंबर २०२० मध्ये थेट मताला आला आणि ६१.७ टक्क्यांनी पडला. तिथे लोकांना त्याच विषयावर परत विचारायची रीतसर वाट आहे. ब्रिटनमध्ये ती सरकारच्या मर्जीवर आहे.

मांडवीकाठ

मतदार कोण होते, हे या धाग्यावर अजून आलं नाही. आपल्या लोकांच्या दृष्टीनं ते महत्त्वाचं आहे.

२०१६ च्या सार्वमतात ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांबरोबर तिथे राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांनाही मत होतं. म्हणजे पुण्याहून नोकरीला गेलेला, भारतीय पासपोर्ट असलेला माणूस मत देऊ शकत होता. पण स्विंडनमध्ये किंवा साउथॉलमध्ये कित्येक वर्षं राहणारा, पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेला गोंयकार देऊ शकत नव्हता. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालचं नागरिकत्व नोंदवता येतं. ते घेतलं की भारतीय नागरिकत्व जातं आणि त्याबरोबर राष्ट्रकुलाच्या नात्यानं मिळणारं मतही. ज्यांच्या राहण्याच्या हक्कावर निर्णय होणार होता तेच यादीबाहेर.

कौल राबवताना त्यांच्यासाठी आली सेटलमेंट स्कीम. ३१ डिसेंबर २०२० पर्यंत ब्रिटनमध्ये राहायला आलेल्यांनी ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करायचा. सलग पाच वर्षं झाली असतील तर पक्का दर्जा, कमी असतील तर आधी तात्पुरता. सलग म्हणजे तेव्हाच्या नियमानं साधारणपणे कोणत्याही बारा महिन्यांत सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहायचं नव्हतं. आजारी आईवडिलांसाठी गोव्यात लांबलेल्यांची गाडी इथेच अडायची. सुरुवातीला ६५ पौंड शुल्क होतं, ते २०१९ मध्ये रद्द झालं. हाती कागद काही मिळत नाही, दर्जा ऑनलाइन असतो. म्हणून पासपोर्ट नवा काढला की त्याचा क्रमांक खात्यात बदलायलाच हवा, नाहीतर विमानतळावर नोंद जुळत नाही. लग्न ३१ डिसेंबर २०२० च्या आधीचं असेल तर जोडीदाराला नंतरही बोलावता येतं, फक्त नातं त्या तारखेला अस्तित्वात होतं याचा पुरावा लागतो.

गोव्याचा स्वतःचा जनमत कौलही आठवतो. १६ जानेवारी १९६७. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीन, दोन पानं म्हणजे केंद्रशासित राहणं. दोन पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. मतदान निःपक्ष व्हावं म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांचं सरकार आधीच पायउतार झालं होतं. निकालानंतर काही महिन्यांतच विलीनीकरण मागणारा त्यांचा मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक) पक्ष निवडणूक जिंकून परत सत्तेवर आला, आणि तरी निकाल उलटवला नाही. दोन्ही पर्याय भारतीय संघराज्यात आधीपासून अस्तित्वात असलेले होते, म्हणून ते जमलं असं मला वाटतं.

शतपावली

मांडवीकाठ, स्कीमची माहिती उत्तम. तुलना मात्र पटत नाही. गोव्यात 'आहे तसं राहू द्या' जिंकलं, राबवण्यासारखं काही उरलंच नाही. फूल जिंकलं असतं, तर पोर्तुगीज संहितेवर आधारलेला कुटुंबकायदा ठेवायचा का, कोकणीचं काय, सरकारी नोकरांच्या सेवाज्येष्ठतेचं काय, हे सगळं दुसऱ्या दिवशी सुरू झालं असतं.

सह्यवारा

हा प्रतिवाद बरोबर आहे. फरक एवढाच, की ते प्रश्न एका देशाच्या आत, एकाच संसदेपुढे सुटले असते. ब्रिटनला २७ देशांशी बोलायचं होतं, आणि बोलायचं काय हे मतपत्रिकेनं सांगितलं नव्हतं.

घाटमाथा

सगळं घोडं जिथे अडलं त्या उत्तर आयर्लंडबद्दल लिहितो. तीन वचनं दिली गेली होती: एकल बाजारपेठ आणि सीमाशुल्क संघ सोडणार, उत्तर आयर्लंड आणि संघात राहिलेला आयर्लंड यांच्या जमिनीवरच्या सीमेवर तपासणी नाही (१९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतरची शांतता त्यावर उभी आहे, आणि सुमारे ५०० किलोमीटरची ही सीमा दोनशेहून जास्त रस्ते ओलांडतात), आणि ब्रिटन व उत्तर आयर्लंडच्या मधल्या समुद्रातही तपासणी नाही. यातली कोणतीही दोन एका वेळी पाळता येतात, तिन्ही नाही. मे यांनी बॅकस्टॉप (दुसरा तोडगा निघेपर्यंत देशाला संघाच्या सीमाशुल्क व्यवस्थेत ठेवणारी हमी) आणून पहिलं सैल केलं. त्यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या जॉन्सन यांनी ऑक्टोबर २०१९ मध्ये तिसरं सोडलं, डिसेंबरमध्ये ८० जागांचं बहुमत मिळवलं आणि ३१ जानेवारी २०२० ला देश बाहेर पडला.

आता तिसरं सोडणं म्हणजे काय, ते एका ट्रकवरून बघा. स्कॉटलंडच्या केर्नरायन बंदरातून उत्तर आयर्लंडमधल्या लार्नला जाणारा सुपरमार्केटचा ट्रक. आत हॅम, चीज, सफरचंदं, ब्रेड, साबण, कुंडीतली रोपं. २०२० पर्यंत त्याला जकातीचा एकही कागद लागत नव्हता. मूळ प्रोटोकॉल (जॉन्सन यांच्या करारातला उत्तर आयर्लंडसाठीचा भाग) शब्दशः लावला तर मालाची जकात घोषणा, जहाजावर चढण्याआधी ट्रकचा हालचाल क्रमांक, खाद्यपदार्थांची आगाऊ सूचना, आणि प्राणिजन्य प्रत्येक प्रकाराला पशुवैद्यकाच्या सहीचं वेगळं आरोग्य प्रमाणपत्र. एकाच मालाचा ट्रक असला तर हे जमतं. मिश्र मालाच्या ट्रकमध्ये एका खोक्याचा कागद चुकला की सगळा ट्रक थांबतो, आणि दुधाची मुदत तिथेच सरते. म्हणून सुपरमार्केटना सवलतीचा काळ दिला गेला, तो पुन्हा पुन्हा वाढवला आणि नियम पूर्णपणे कधी लागलेच नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये धमक्यांमुळे लार्न आणि बेलफास्टची काही तपासणी काही दिवस थांबवावी लागली.

फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर चौकटीनं यावर तोडगा काढला: उत्तर आयर्लंडमध्येच विकायचा माल हिरव्या मार्गानं, पुढे आयर्लंडला जाऊ शकणारा लाल मार्गानं. हिरव्या मार्गाच्या खाद्यपदार्थांना ट्रकमागे एकच प्रमाणपत्र, आणि ठरावीक वस्तूंवर 'युरोपीय संघासाठी नाही' अशी पट्टी.

जाता जाता, मसाल्याच्या व्यापाऱ्यांना लागणारी गोष्ट: ब्रिटन आणि संघ यांच्यातल्या व्यापार करारातली शून्य जकात फक्त ब्रिटनमध्ये किंवा संघात 'उत्पादित' ठरणाऱ्या मालाला आहे. भारतातून ब्रिटनमध्ये शुल्क भरून आणलेला माल नुसता नव्या पिशव्यांत भरून डब्लिनला पाठवला, तर तो भारतीयच धरला जातो आणि संघाचा जो काही दर असेल तो पुन्हा भरावा लागतो. माल ब्रिटनमध्ये सोडवून न घेता सीमाशुल्क गोदामात ठेवून तसाच पुढे पाठवला, तर निदान ब्रिटनचं शुल्क वाचतं.

ओसरी

खूप स्पष्ट झालं. शेवटचं विचारते: उत्तर आयर्लंडच्या लोकांना या व्यवस्थेबद्दल कुणी विचारलं का?

घाटमाथा

लोकांना थेट नाही, त्यांच्या विधिमंडळाला. जॉन्सन यांच्या करारातच तशी तरतूद आहे. पहिलं मतदान १० डिसेंबर २०२४ ला झालं: व्यवस्था चालू ठेवावी ४८, विरोधात ३६. एकत्रतावादी, म्हणजे युनायटेड किंगडममध्येच राहू इच्छिणाऱ्या, पक्षांनी विरोधात मत दिलं. साध्या बहुमतावर संमती मिळाली तर ती चार वर्षांची असते, एकत्रतावादी आणि आयर्लंडशी एक होऊ इच्छिणारे राष्ट्रवादी अशा दोन्ही समाजांच्या प्रतिनिधींची पुरेशी साथ असती तर आठ वर्षांची झाली असती. त्यामुळे पुढचं मतदान चार वर्षांनीच, आणि दरम्यान ब्रिटिश सरकारला व्यवस्थेचा स्वतंत्र आढावा घ्यावा लागतो.